किलोमीटरमागे १,९६६ फेरे

ताशी ७० मैल म्हणजे ११३ किलोमीटर. कॅलिफोर्नियातल्या इंटरस्टेट ५ या महामार्गावर मोटारींना दिलेली ही वेगमर्यादा आहे. सॅन होआकिन खोऱ्याच्या पश्चिम कडेने हा रस्ता मैलोन्‌मैल सरळ जातो. एका बाजूला बदामाच्या आणि पिस्त्याच्या बागा, दुसऱ्या बाजूला वाळकी टेकाडे. इथे माझी गाडी पाचव्या, म्हणजे तिच्या शेवटच्या गिअरमध्ये असते आणि तरीही इंजिनाचा काटा मिनिटाला ३,७०० फेऱ्यांवर असतो. शेजारून जाणारी साधी घरगुती सेडान त्याच वेगाला दोन-सव्वादोन हजारांवर निवांत चाललेली असते. नव्याने माझ्या गाडीत बसलेला माणूस दहा मिनिटांत विचारतोच, "अजून एक गिअर टाकायचा राहिलाय का?"

राहिलेला नसतो. गाडी १९९१ची माझदा मियाटा आहे : दोन आसनांची, उघडता येणाऱ्या छताची, १.६ लिटरची. गेली दीड वर्षे मी तिच्यातून दर शुक्रवारी फ्रीमाँटहून बेकर्सफील्डला जाते आणि रविवारी परत येते. एका दिशेला सुमारे ३८० किमी. नवरा भूवैज्ञानिक आहे, त्याला कर्न परगण्यातल्या तेलक्षेत्रांवर दोन वर्षांच्या कराराचे काम मिळाले. माझी नोकरी इथली. आठवड्याला ७६० किमी, आणि कॅलिफोर्नियात पेट्रोलचा गॅलन पाच डॉलरच्या घरात. (ज्याच्या कामामुळे पेट्रोल निघते त्याला भेटायला पेट्रोल जाळत जायचे, हा विनोद आमच्या घरात आता शिळा झाला आहे.) दोन घरांची भाडी भरणाऱ्यांना गाडी किती अ‍ॅव्हरेज देते हा प्रश्न हौसेचा राहत नाही. म्हणून मी त्याच्या मागे लागले. व्यवसायाने यंत्र-अभियंता असल्यामुळे जरा जास्तच लागले.

मियाटासारख्या गाड्यांचे गिअर 'आखूड' असतात असे म्हणतात. याचा अर्थ एवढाच की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. माझ्या गाडीच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८१४ आहे आणि मागच्या डिफरन्शिअलचे ४.३०. दोन्हींचा गुणाकार ३.५०. चाकाचा घेर १.७८ मीटर धरला तर एक किलोमीटर जायला चाक ५६२ वेळा फिरते आणि इंजिन १,९६६ वेळा. हा आकडा मी मुद्दाम मिनिटाचा न घेता किलोमीटरचा घेतला आहे. पेट्रोलचा हिशेब आपण किलोमीटरवर मांडतो, मग फेऱ्यांचाही तसाच मांडायला हवा. मिनिटाचे फेरे वेगाबरोबर बदलतात. किलोमीटरचे फेरे गिअर बदलेपर्यंत बदलत नाहीत. गाडी ताशी ६० ने चालवा की ११३ ने, पाचव्यात ते १,९६६च.

असे का केले असेल? माझदाने ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. साठीच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांचा आनंद परत आणायचा, हा त्यामागचा विचार होता. प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांच्या चमूने त्यासाठी 'जिंबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग पुढे ठेवला : घोडा आणि स्वार एकजीव होणे. इंजिनाची ताकद अमेरिकन मापाने ११६ अश्वशक्ती, म्हणजे फार नाही. त्यातही जास्तीत जास्त पीळ, ज्याला आपण टॉर्क म्हणतो तो, ५,५०० फेऱ्यांना मिळतो. असे इंजिन चपळ वाटायचे तर ते सतत वरच्या फेऱ्यांत ठेवावे लागते. गाडीला 'पिकअप' आहे असे जे आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा या गुणोत्तराचे देणे असते. वळणाच्या रस्त्यावर या गाडीत बसल्यावर हिराईंशी भांडायची इच्छा होत नाही. सरळ रस्त्यावर तिसऱ्या तासाला होते.

फेरे जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हे सगळ्यांनाच वाटते. पण का, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. गाडी पुढे ढकलायला लागणारी शक्ती वेगावर ठरते, गिअरवर नाही. ११३ च्या वेगाला माझ्या गाडीला हवेतून वाट काढायला सुमारे ३८० न्यूटन आणि टायरच्या रोधावर मात करायला सव्वाशेच्या आसपास न्यूटन जोर लागतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधली गळती धरून इंजिनाने १७ किलोवॅट, म्हणजे २३ अश्वशक्ती दिली की भागते. ११६ पैकी २३. उरलेल्या ९३ घोड्यांना काम नाही, पण तबेल्यात चारा त्यांनाही लागतो.

तो चारा दोन प्रकारचा. पहिला घर्षणाचा : पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासतात, बेअरिंगे फिरतात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात, तेलाचा आणि पाण्याचा पंप चालवावा लागतो. हे प्रत्येक फेऱ्याला होते, गाडीला ताकद हवी असो वा नसो. दुसरा प्रकार पेट्रोल इंजिनाचा खास. ताकद कमी हवी असली की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि पिस्टनला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. उसाचा रस जाड स्ट्रॉने पिणे आणि बारीक स्ट्रॉने पिणे यातला फरक प्रत्येकाच्या गालांना माहीत आहे. इंजिन ती ओढ दर दोन फेऱ्यांतून एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये घेते. लांब गिअर दिला की फेरे कमी होतात, तेवढीच ताकद काढायला प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून झडप अधिक उघडते आणि स्ट्रॉ जाड होतो. घर्षणही घटते. गिअरवाल्या सायकलवर सपाट रस्त्याला सर्वांत हलका गिअर टाकून पाहा : पायाला जोर काही नाही, वेगही फारसा नाही, पण पाय नुसते गरगर फिरवूनच दम लागतो. माझे इंजिन महामार्गावर तेच करते. त्या फेऱ्यांना जेवढा पीळ ते देऊ शकते, त्याच्या एक तृतीयांशावरच ते चाललेले असते.

आता हिशेब. पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग रेडिएटर आणि सायलेन्सर घेऊन जातात, तो बाजूला ठेवू. सिलिंडरच्या आत जे यांत्रिक काम निघते त्याचे १०० भाग धरले, तर माझ्या अंदाजाने ११३ च्या वेगाला त्यातले ४७ भाग हवा घेते, १६ टायर, ६ गिअरबॉक्स व डिफरन्शिअल, आणि ३१ भाग इंजिन स्वतःच्याच घर्षणावर आणि ओढाओढीवर खर्च करते. गाडीचा आकार, वजन आणि अशा इंजिनांच्या घर्षणाचे अभियांत्रिकीत वापरले जाणारे ठोकताळे यांवरून हा अंदाज बांधला आहे. एखाददुसरा भाग इकडेतिकडे होईल, चित्र बदलणार नाही.

गिअर लांब करून फायदा होतो तो या ३१ भागांतच. बाकी ६९ भागांना गिअरचे काही देणेघेणे नाही. म्हणजे फेरे १० टक्के कमी केले तर पेट्रोल १० टक्के वाचत नाही, ३१ च्या १० टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे साडेतीन ते चार टक्के वाचते. इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो.

गिअर लांब करायचे कसे? मियाटाच्या बाबतीत मार्ग ठरलेले आहेत. पुढे १९९४ पासून आलेल्या १.८ लिटरच्या गाड्यांना ४.१० चे डिफरन्शिअल होते. ते बसवले तर फेरे पावणेपाच टक्क्यांनी घटतात. पेट्रोल दीड-दोन टक्के. त्यानंतरच्या पिढीत सहा गिअरांच्या काही गाड्यांना ३.९०९ चे आले. ते माझ्या पाचव्या गिअरमागे बसवले तर किलोमीटरचे फेरे १,९६६ वरून १,७८८ वर येतात, ११३ ला काटा साधारण ३,३५० दाखवेल, आणि पेट्रोल साडेतीन टक्के वाचेल. पण माझ्या जुन्या १.६ ची क्राउन-पिनियन लहान मापाची आहे. त्यामुळे नवे डिफरन्शिअल एकटे येत नाही. मागचे दोन्ही अ‍ॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही बदलावे लागतात. शिवाय या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम आहे, ती सोडवून पुन्हा नेमकी जुळवणे हे वेगळे काम. जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका गॅरेजने वापरलेले भाग आणि मजुरी धरून ११०० डॉलर सांगितले.

लोकांना सर्वांत मोह पडतो तो सहा गिअरच्या बॉक्सचा. पाचाऐवजी सहा म्हणजे वर एक गिअर जास्त, असे सरळ वाटते. प्रत्यक्षात माझदाच्या त्या बॉक्समध्ये पाचवा गिअर १.०० आहे आणि सहावा ०.८४३. म्हणजे त्याचा सहावा माझ्या पाचव्यापेक्षा आखूड! माझे ४.३० चे डिफरन्शिअल तसेच ठेवून तो बॉक्स बसवला, तर ११३ ला काटा ३,७०० वरून ३,८०० च्या वर जाईल. जास्तीचा गिअर वर नव्हे, मध्ये घातलेला आहे. शर्यतीच्या रस्त्यावर गिअर बदलताना फेऱ्यांची मोठी उडी पडू नये म्हणून. गिअर किती आहेत हा आकडा जाहिरातीचा. शेवटच्या गिअरचा आणि डिफरन्शिअलचा गुणाकार किती, हा आकडा आपल्या कामाचा.

याच्या नेमके उलटे उदाहरण शेव्हरोले कॉर्व्हेटचे. १९९७ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचे, ३४५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते आणि हाताने टाकायच्या सहा गिअरांपैकी सहावा होता ०.५०. मागचे डिफरन्शिअल ३.४२. गुणाकार १.७१, माझ्या निम्म्याहून कमी. ११३ च्या वेगाला ते अवाढव्य इंजिन सोळाशेच्या खालीच फिरते. सरकारी चाचणीत या गाडीची महामार्गावरची नोंद गॅलनला २८ मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला १२ किमी. माझ्या मियाटाची तेव्हाची नोंद ३० मैल, म्हणजे पावणेतेरा किमी. इंजिन साडेतीनपट, आणि फरक एवढासाच. तो सहावा गिअर पळण्यासाठी नाहीच, तो चाचणीसाठी आणि माझ्यासारख्या शुक्रवारच्या प्रवाशांसाठी आहे. हिराईंनी मला तसा एक दिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

या चाचणीविषयीही थोडे सांगायला हवे. १९७३ च्या तेलसंकटानंतर, २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकाभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ती १९८७ मध्ये गावाबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ पर्यंत सैल झाली आणि १९९५ मध्ये पूर्ण उठली. महामार्गावरच्या अ‍ॅव्हरेजची सरकारी चाचणी त्या ५५ च्या काळातली. तिचा सरासरी वेग ४८ मैल आणि कमाल ६०. म्हणजे माझ्या गाडीच्या नोंदीतले ३० मैल ज्या चाचणीवरून काढले, तिचा सरासरी वेग ७७ किलोमीटरचा होता. जास्त वेगाची, ८० मैलांपर्यंत जाणारी चाचणी २००८ च्या गाड्यांपासून हिशेबात धरली जाऊ लागली.

पुण्यातल्या वाचकांना हे परके वाटू नये. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयचे आकडे आपण शोरूममध्ये वाचतो, त्यामागच्या भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ९० किलोमीटर धरला होता. आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाड्यांचे गिअर शहरातल्या गर्दीसाठी आणि घाटासाठी आखूड ठेवण्याकडे कल असतो, आणि आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ताशी १२० ची परवानगी देतो. त्या वेगाला गाडीने कागदावरचे अ‍ॅव्हरेज दिले नाही म्हणून डीलरशी भांडण्यात अर्थ नाही. कागदावरची गाडी तेवढ्या वेगाने कधी गेलेलीच नव्हती.

मी गिअर तसेच ठेवून वेग कमी करून पाहिला. ११३ ऐवजी १००. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तसाच वर्गाने घटतो. वेग ११ टक्क्यांनी उतरला की हवेचे ४७ भाग ३७ वर येतात. इंजिनाचा वाटा किलोमीटरमागे जवळपास तेवढाच राहतो, कारण फेरे तेच १,९६६; घर्षण किंचित कमी होते इतकेच. एकूण १०० चे ८८ होतात. बारा टक्के. ११०० डॉलरचे डिफरन्शिअल साडेतीन टक्के देते आणि उजवा पाय थोडा उचलला तर बारा मिळतात. माझ्या वहीतले आकडे हिशेबाच्या जवळच आले : ११३ ला लिटरमागे १३.१ किमी, १०० ला १४.७.

वही कशी ठेवली हे सांगितल्याशिवाय या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नये. अ‍ॅव्हरेजच्या गप्पांत सर्वाधिक घोळ मोजण्यातच असतो. पंपावर नळी एकदा 'टक्' करून थांबते त्यानंतर किती जण अजून थोडे ओततात? ४५ लिटरच्या टाकीत दीड लिटर इकडेतिकडे झाले की तीन टक्क्यांचा फरक पडला, म्हणजे नव्या डिफरन्शिअलचा सगळा फायदा नळीच्या टोकाशी विरघळला. म्हणून मी एकाच पंपावर, एकाच बाजूला गाडी लावून, पहिल्या 'टक्'ला थांबते आणि जाण्यायेण्याच्या किमान चार फेऱ्यांची बेरीज करून मगच भागाकार करते.

हवामान हे त्याहून मोठे लबाड. या खोऱ्यात जानेवारीत सकाळी ५ अंश असते आणि जुलैत दुपारी ३८. गरम हवा विरळ असते. या दोन तापमानांत हवेच्या घनतेत सुमारे ११ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे तेवढाच हवेच्या रोधातही. टायरही उन्हाळ्यात तापून मऊ होतात आणि हलके लोळतात. त्यामुळे ज्याने मार्चमध्ये काहीही बदलले, डिफरन्शिअल असो, स्पार्क प्लग असो की पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, त्याला जूनमध्ये अ‍ॅव्हरेज वाढलेले दिसणारच. चुंबके आणि चमत्कारी बाटल्या विकणाऱ्यांचे अर्धे भांडवल हा उन्हाळा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने आजवर तपासली. उल्लेख करावा इतकी बचत करणारे एकही त्यांना सापडलेले नाही.

मोठे टायर हा आणखी एक लोकप्रिय उपाय, आणि त्यात एक गंमत आहे. १८५/६० चे १४ इंची टायर काढून १९५/५५ चे १५ इंची घातले तर व्यास तीन टक्क्यांनी वाढतो, फेरे तीन टक्क्यांनी घटतात. पण किलोमीटर मोजणारे यंत्रही चाकाच्या फेऱ्यांवरच चालते! चाक मोठे झाल्यावर ते १०३ किलोमीटरला १०० म्हणते, आणि भागाकारात अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसते. वर वेगाचा काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी ७२ ने पळत असते, म्हणून खरोखरही थोडे जास्त जळते. दोन्ही मिळून माणूस ठरवतो की मोठ्या टायरने नुकसान झाले. कॅलिफोर्नियात आता महामार्गाच्या बाहेर पडायच्या वाटांना मैलांनुसार क्रमांक आहेत. त्यांच्या वजाबाकीवर मी आधी माझे यंत्र तपासून घेतले आणि मगच वही उघडली.

टायरच्याच बाबतीत एक बिनखर्चाची गोष्ट करण्यासारखी आहे. या गाडीला माझदाने २६ पौंड हवा सांगितली आहे, आजच्या मानाने बरीच कमी. मी ३० ठेवते. टायरचा रोध दहा टक्क्यांनी घटला असे धरले तर दीड टक्का पेट्रोल, म्हणजे ४.१० च्या डिफरन्शिअलएवढे काम हवेच्या पंपाने फुकटात केले. ओल्या रस्त्यावर पकड थोडी बदलते, हे लक्षात ठेवून. याहून जास्त हवा भरणारे लोक आहेत. मी त्यांच्या गाडीत बसत नाही.

छत उघडे टाकून जाणे हा या गाडीचा धर्म असला तरी महामार्गावर तो परवडत नाही. उघड्या छतामागे हवेचा भोवरा बसतो आणि हवेचे ४७ भाग वाढतात. मियाटाचे दिवे बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. तेही हवेत आडवे उभे राहतात, पण अंधारात त्याला इलाज नाही. महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घालून काहीही मिळत नाही; या इंजिनाला साधे चालते.

उतारावर काय करायचे यावर मात मतभेद पाहिले. घाटात न्यूट्रल टाकून, कधी इंजिनही बंद करून ट्रक सोडणारे ड्रायव्हर बोरघाटात आणि कसाऱ्यात आपण पाहिलेले आहेत. फ्रीमाँटहून निघाल्यावर आल्टामाँट खिंडीचा उतार लागतो तिथे हा मोह होतो. कॅलिफोर्नियात उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे कायद्यानेच मना आहे, आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारी पोकळीही दोन-तीन दाबांत संपते. पण कायदा सोडला तरी हिशेब काय सांगतो? इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय पूर्ण उचलला की संगणक पेट्रोल साफ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला जिवंत ठेवायला थोडे पितच राहते. मात्र आखूड गिअरची गाडी पाय उचलताच इतकी आवळते की सौम्य उतारावर वेग टिकत नाही, आणि तो पुन्हा कमवायला पेट्रोल लागते. म्हणून तीव्र उतारावर पाय उचलावा, सौम्य उतारावर हलकेच ठेवावा. चढावर उलटे : वेग थोडा पडू द्यावा. पॅडल पूर्ण दाबले की संगणक मिश्रण मुद्दाम श्रीमंत करतो आणि वाचवलेले तिथे जाते. लांब डिफरन्शिअलवाल्यांना चढावर हे जास्त वेळा करावे लागते, नाहीतर चौथा टाकावा लागतो. त्यांच्या साडेतीन टक्क्यांतून हेही वजा करायला हवे.

तर मग पैसे. ३.९०९ घेतले तर आठवड्याला दोन लिटर, वर्षाला सुमारे १३५ डॉलर. ११०० वसूल व्हायला आठ वर्षे. नवऱ्याचा करार दोन वर्षांचा, त्यातले दीड वर्ष सरलेले. डिफरन्शिअल बदलण्याचे एकच खरे कारण उरते ते कानांचे : साडेतीनशे फेरे कमी म्हणजे गाडीतला आवाज निश्चित उतरतो. ते कारण खोटे नाही. पण त्याला पेट्रोलच्या बचतीचे नाव देऊ नये.

वेग कमी करण्याची किंमत डॉलरांत नसते. महामार्गाचा सलग पट्टा सुमारे ३०० किमी. तो ११३ ने दोन तास चाळीस मिनिटांत होतो, १०० ने तीन तासांत. वीस मिनिटांना पाऊण गॅलन, म्हणजे साडेतीन डॉलर. मी हा भाव नवऱ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "शुक्रवारची वीस मिनिटं माझी आहेत, ती तू साडेतीन डॉलरला विकू नकोस. रविवारी जाताना हळू जा." शनिवार-रविवारचे मोजके तास, त्यातून आठवड्याला चाळीस मिनिटे वजा होणे त्याला मान्य नव्हते. मलाही नव्हते.

त्याने हे भावनेने सांगितले, पण वाऱ्याने त्याला दुजोरा दिला. या खोऱ्यात वारा बहुधा वायव्येकडून वाहतो; आल्टामाँटवरच्या पवनचक्क्या त्याच वाऱ्यावर उभ्या आहेत. शुक्रवारी दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, रविवारी तोंडावर. ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून असला तर ११३ च्या वेगाला गाडीला १२८ ची हवा लागते आणि हवेचा रोध २८ टक्क्यांनी वाढतो. पाठीशी असला तर ९८ चीच लागते आणि रोध चोवीस-पंचवीस टक्क्यांनी घटतो. पाय उचलल्याचा मोबदला तोंडावरच्या वाऱ्यात सर्वांत जास्त आणि पाठच्या वाऱ्यात सर्वांत कमी. म्हणून आता शुक्रवारी ११३, रविवारी १००, आणि वारा फारच अंगावर आला तर ९५. कॅलिफोर्नियात ट्रकांना ५५ मैलांचीच मर्यादा असल्यामुळे उजवी मार्गिका तशीही हळू चाललेली असते; तिथे माझा कुणाला त्रास नाही. फक्त ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाचा फायदा घ्यायचा नाही. आडोसा खरा आहे, पण तो मिळण्याइतके जवळ गेल्यावर ब्रेक लावायला जागा उरत नाही.

वहीतला सर्वांत चांगला आकडा मात्र यातल्या कुठल्याही योजनेने मिळालेला नाही. हिवाळ्यात या खोऱ्यात 'ट्यूले' म्हणतात ते जमिनीलगतचे दाट धुके पडते. जानेवारीतल्या एका रविवारी बेडूकडोळे वर करून, पुढच्या गाडीचा लाल दिवा शोधत, पाचव्यात ७०-७५ च्या वर न जाता मी सबंध पट्टा पार केला. लिटरला १७.२ किलोमीटर. पोचायला पावणेसहा तास लागले. हा आकडा मी चौकटीत वेगळा लिहून ठेवला आहे आणि सरासरीत धरलेला नाही.